राणीच्या बागेत झाडं बघायला जायचंय? नवख्यांसाठी बारा महिन्यांचं गाइड

भायखळ्याची राणीची बाग म्हटलं की आता लोकांना पेंग्विन आठवतात. ओळखीतलं कोणी विचारतं, "अगं मुलांना घेऊन कधी जाऊ?" आणि मी झाडांबद्दल बोलायला लागले की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पण एक सांगू का, मुंबईत एवढ्या जातींची एवढी जुनी झाडं एकाच कंपाउंडमध्ये दुसरीकडे बघायला मिळणं कठीण आहे, आणि ती एका दिवसात बघून होत नाहीत, कारण प्रत्येकाचा मोसम वेगळा. डिसेंबरात गेलात तर गोरखचिंच नुसती काड्यांची दिसणार आणि जूनमध्ये गेलात तर उर्वशीचं फूल बहुतेक दिसणारच नाही. म्हणून हे महिन्याप्रमाणे लिहिलंय. मी वनस्पतिशास्त्रवाली वगैरे नाही, ऑफिसला जाणारी बाई आहे, सुट्टीच्या सकाळी जाते एवढंच.

बागेचं सरकारी नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, गुगल मॅपवर आणि पाटीवर हेच दिसेल. बसवाल्याला राणीबाग म्हटलं तरी कळतं.

१. आधी ठरवा, प्राणी बघायचेत की झाडं

दोन्ही एकाच फेरीत करायला गेलात तर एकही धड होत नाही. हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली आणले आणि २०१७ च्या मार्चपासून लोकांना बघायला मिळायला लागले, तेव्हापासून रविवारची गर्दी वेगळ्याच लेव्हलला गेलीय. मुलं सोबत असतील तर ती पेंग्विन आणि वाघाशिवाय ऐकणार नाहीत, मग त्या दिवशी झाडांचा नाद सोडा, वाटेत एखादं दिसलं तर दाखवा. झाडांसाठी वेगळी फेरी ठेवा, एकट्याने किंवा ज्याला घाई नाही अशा एखाद्या माणसासोबत.

ही मुळात बागच होती हे लक्षात घ्या. १८६२ च्या नोव्हेंबरमध्ये लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती उघडली, तेव्हाचं नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. प्राणी नंतर आले. त्यामुळे जुनी मोठी झाडं बघायची असतील तर जुन्या भागातल्या वाटांवर जास्त वेळ घालवा, पिंजऱ्यांच्या रांगेत कमी.

२. वार, वेळ, तिकीट

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. बुधवारी बाग बंद असते. आणि बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बहुतेक वेळा बाग त्या दिवशी उघडी ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे गुरुवारी बंद ठेवतात. भाऊबीज वगैरे बुधवारी आली की हमखास हा घोळ होतो, गुरुवारी लांबून आलेली माणसं गेटवर येऊन परत जातात. सणाच्या आठवड्यात जाणार असाल तर आधी पेपरात नाहीतर पालिकेच्या साइटवर बघा.

वेळ साधारण सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा, पण तिकीट खिडकी त्याआधीच बंद होते, म्हणून पाच वाजता पोचून "अजून तासभर आहे ना" असा विचार करू नका. मी शेवटची गेले तेव्हा मोठ्यांना ५० रुपये, लहान मुलांना २५ आणि आईवडील अधिक दोन मुलं मिळून १०० असा दर होता. दर बदलतात, तेव्हा थोडे सुटे जास्त ठेवा. ऑनलाइन तिकीटही काढता येतं, रविवारी तेच काढा, खिडकीवरची रांग उन्हात असते.

सकाळी लवकर फिरायला येणाऱ्यांसाठी वेगळा पास असतो. तुम्ही भायखळा, माझगाव, लालबाग, परळ या भागात राहत असाल तर हा पास काढाच, का ते पावसाळ्याच्या भागात सांगते. पासची चौकशी खिडकीवर करा, जाताना पासपोर्ट साइझ फोटो आणि ओळखपत्राची झेरॉक्स बरोबर ठेवा म्हणजे दुसरी खेप पडणार नाही. शाळेचा ग्रुप नेणार असाल तर शाळेच्या लेटरहेडवर पत्र न्या.

पोचायचं कसं तर सेंट्रलच्या भायखळा स्टेशनला उतरून पूर्वेला बाहेर पडा, तिथून चालत दहापंधरा मिनिटं. स्टेशनची जुनी इमारत मधे छान दुरुस्त केलीय, २०२२ मध्ये तिला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिकचा वारसा पुरस्कारही मिळाला, तर तिकडेही दोन मिनिटं मान वर करून बघा. गाडी आणू नका, पार्किंग शोधण्यातच सकाळ जाते.

३. पिशवीत काय घ्यायचं

फार काही नाही:

पाण्याची बाटली, स्टीलची असली तर बरं, प्लॅस्टिकवरून गेटवर अडवाअडवी होऊ शकते.
टोपी, आणि मार्च ते मे असेल तर एक पातळ रुमाल.
ओडोमॉस. हे विसरू नका, पावसाळ्यात आणि त्यानंतर दोनेक महिने डास फोडून काढतात.
छोटी वही आणि पेन.
दुर्बीण असेल तर घ्या, नसेल तर अडत नाही, मोबाइलचा झूम चालतो. मोठा कॅमेरा न्यायचा असेल तर त्याचे वेगळे पैसे पडतात का ते खिडकीवर आधीच विचारा.

खाण्याचं सामान भरून नेऊ नका. बॅगा तपासतात आणि प्राण्यांना काहीही खायला घालायला बंदी आहे, ते बरोबरच आहे.

४. पहिल्या फेरीत फक्त पाच झाडं पक्की करा

नवीन माणूस काय करतो, सगळ्या पाट्यांचे फोटो काढत सुटतो आणि घरी आल्यावर कोणतं झाड कुठलं काही आठवत नाही. (पाट्या सगळ्या झाडांवर नाहीतच, हेही आहे.) तर असं करा, पहिल्या दिवशी पाचच झाडं शोधा, त्यांची जागा वहीत लिहा, "गेटमधून आत, दुसरं वळण, डावीकडे बाकाजवळ" अशा भाषेत. पुढच्या वर्षभर याच पाचांकडे परत परत जायचंय. बाकीची आपोआप ओळखीची होतात.

माझी पाच अशी: गोरखचिंच, उर्वशी, कैलासपती, सीता अशोक आणि पर्जन्यवृक्ष. उर्वशी आणि सीता अशोक कसे ओळखायचे ते पुढच्या भागात सांगते.

शोधायला सगळ्यात सोपी गोरखचिंच. आफ्रिकेतलं झाड, बुंधा अवाढव्य, राखाडी आणि वर फांद्या त्या मानाने किरकोळ. नावात चिंच असली तरी आपल्या चिंचेशी संबंध नाही, पानं हाताच्या पंजासारखी पाचसात बोटांची. बुंध्यात पाणी साठवून ठेवतं म्हणून एवढं जाड. त्या बुंध्यावर नावं कोरणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही, बीपी वाढतं.

कैलासपती ओळखायला बुंध्याकडे बघा. फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, खोडातूनच लोंबणाऱ्या काड्यांवर येतात, आणि तिथेच तोफेच्या गोळ्याएवढी तपकिरी फळं. दक्षिण अमेरिकेतलं झाड आहे. फुलाच्या मधे पिंडीवर फणा धरल्यासारखा आकार दिसतो म्हणून आपल्याकडे त्याला देवाधर्मात मान मिळाला. वास सुंदर, सकाळी जास्त. फळ मात्र पडून फुटलं की घाण वास मारतं, आणि ते डोक्यात पडेल अशा जागी उभं राहू नका, हे मी मस्करीत सांगत नाहीये.

पर्जन्यवृक्ष म्हणजे ती मोठी छत्री केलेली झाडं. संध्याकाळ झाली किंवा आभाळ भरून आलं की पानं मिटतात. मुंबईत गेल्या काही वर्षांत पिठ्या ढेकूण नावाच्या किडीने हे वृक्ष खूप मेले, त्यामुळे जे उभे आहेत ते बघून घ्या.

५. माघ ते चैत्र: वर्षातली सगळ्यात भारी वेळ

एकदाच जायचं असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये जा. ऊन अजून सहन होतं, आणि उर्वशी फुललेली असते.

उर्वशी ब्रह्मदेशातली. इंग्रजांच्या काळात तिचं शास्त्रीय नाव लेडी ॲमहर्स्टवरून ठेवलं, आपलं नाव जास्त शोभतं असं माझं स्पष्ट मत. लाल फुलांचे लांब घोस खाली लोंबतात, एखाद्या पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका. फुलं पानांच्या आत लपलेली असतात, लांबून गुलमोहरासारखं झाड पेटलेलं दिसेल ही अपेक्षा ठेवलीत तर बाजूने निघून जाल. जवळ जा आणि खालून वर बघा.

आता इथला ट्रॅप. उर्वशीची कोवळी पानं तांबूस, मऊ, आणि चक्क लोंबकळत असतात, जणू पाणी न मिळाल्यामुळे मान टाकलीय. "पालिकेने झाड मारलं बघा" असं म्हणत फोटो टाकणारे असतात. तसं काही नसतं, ही पानं अशीच येतात, मग हळूहळू हिरवी होऊन ताठ होतात. सीता अशोकाचं हेच आणि ब्राउनियाचंही हेच, तिघंही एकाच मोठ्या कुळातले. मला तर ही लोंबणारी पालवी फुलांपेक्षा जास्त आवडते, आणि ती दोनतीन आठवड्यांतच बदलते, म्हणून जमलं तर या काळात पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा जा.

ब्राउनिया मूळ दक्षिण अमेरिकेतला. लालभडक फुलांचा गोल गेंद पानांच्या खाली लटकतो, त्यालाही वाकूनच बघावं लागतं.

सीता अशोक बघताना लोक हमखास चुकतात. सोसायटीच्या कंपाउंडला लावलेला तो उंच, सरळसोट, खाली झुकलेल्या पानांचा "अशोक" म्हणजे सीता अशोक नव्हे. खरा सीता अशोक मध्यम उंचीचा, पसरट, आणि फुलांचे गुच्छ केशरी-पिवळे, जुने झाले की लाल होत जातात, कधी कधी थेट खोडावरच फुटलेले. एकाच गुच्छात दोनतीन रंग दिसतात ते यामुळे. एकदा हा फरक कळला की सोसायटीवाल्यांशी वाद घालायला कायमचा विषय मिळतो.

याच दिवसांत काटेसावरीला पानं नसतात आणि नुसती मोठी लाल फुलं असतात. बागेत नाही सापडली तर आजूबाजूच्या रस्त्यांवर मान वर करून चाला. फुललेली सावर दिसली की खाली दहा मिनिटं थांबा, मैना, कावळे, पोपट, शिंजीर सगळे मध प्यायला येतात आणि नुसता कलकलाट असतो. तांबटाचं ते टुक टुक टुकही याच दिवसांत वाढतं, आवाज सतत येतो आणि पक्षी काही दिसत नाही.

६. वैशाख-ज्येष्ठ: सकाळी अकरानंतर टिकत नाही

मे महिन्यात दोन अडचणी, उकाडा आणि शाळांच्या सुट्ट्या. गेट उघडल्या उघडल्या आत जा आणि अकराच्या आत बाहेर पडा, बस्स.

पण बहावा, ताम्हण आणि गुलमोहर याच वेळी. बहाव्याचे पिवळे झुंबर एप्रिलपासून. बहावा फुलला की दीड महिन्यात पाऊस येतो असं म्हणतात, मी त्या भरवशावर छत्री काढत नाही. ताम्हण म्हणजे आपलं राज्यफूल, जांभळट गुलाबी, चुरगळलेल्या क्रेप कागदासारख्या पाकळ्या. राज्यफूल कोणतं विचारलं तर दहातल्या नऊ जणांना येत नाही, आणि ते त्यांच्याच गल्लीत फुललेलं असतं.

फुलं नसताना गुलमोहर आणि पीतमोहर यांच्यात गोंधळ होतो, पानं जवळपास सारखी. शेंगा बघा. गुलमोहराच्या लांब तलवारी, पीतमोहराच्या छोट्या, चपट्या, तांब्याच्या रंगाच्या.

मेच्या शेवटी गोरखचिंचेकडे एक चक्कर मारा. इतके महिने ओकंबोकं असलेलं झाड पालवायला लागलेलं असतं, पाऊस यायच्या आधीच. तिथून पुढचा भाग महत्त्वाचा.

७. पावसाळा: गोरखचिंचेचं फूल आणि पासचा उपयोग

गोरखचिंच पावसाच्या सुरुवातीला फुलते, साधारण जून-जुलैत. फूल मोठं, पांढरं, लांब देठाला उलटं टांगलेलं. आणि ते उमलतं संध्याकाळी, अंधार पडता पडता, कारण त्याचं परागीभवन मुख्यतः वटवाघळं करतात. दुसऱ्या दिवशी सकाळपासून ते मलूल व्हायला लागतं आणि गळून पडतं. आता बागेची वेळ बघा, संध्याकाळी सहाला बाहेर काढतात. म्हणजे ताजं उमललेलं फूल झाडावर बघायचं कसं? सकाळच्या पासवर. पहाटे फिरायला येणाऱ्यांसोबत आत गेलात तर झाडावर अजून पांढरी फुलं असतात आणि खालीही ताजी पडलेली मिळतात. साडेनऊच्या तिकिटावर गेलात तर पडलेली सापडतील, पण दुपारपर्यंत कडा तपकिरी होतात आणि पाकळ्या चिकट. पडलेलं फूल हातात घेऊन आतला पुंकेसरांचा पांढरा गोंडा बघा. झाडावरचं तोडू नका, कुठलंच.

कदंबही पावसातच. पिवळे केशरी चेंडू, वर पांढरी टोकं.

पावसाळ्यात जाताना काळजी:

ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर जाऊ नका. बाग उघडी असली तरी नको. जुन्या झाडांच्या फांद्या वाऱ्यात पडतात, आणि पर्जन्यवृक्षाची फांदी म्हणजे लहानसहान काम नाही. जोरात वारा सुटला तर झाडाखाली आडोसा शोधू नका, पक्क्या शेडखाली जा.

पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरतं, चप्पल घालून गेलात तर घसरणार. मागे पट्टा असलेले सँडल किंवा जुने शूज घाला. दादरजवळच्या हिंदमाता भागात पाणी तुंबल्याची बातमी आली की आंबेडकर रोडने बस-टॅक्सीच्या भानगडीत न पडता स्टेशनलाच चालत जा.

श्रावणात पाऊस उघडझाप करतो तेव्हा मात्र सकाळ फार सुंदर असते, गर्दी नसते, खोडांवर बुरशी आणि नेचे उगवलेले असतात. हा सीझन लोक उगाच वगळतात.

८. आश्विन ते पौष: नाक उघडं ठेवा

ऑक्टोबर हीट संपत आली की सातवीण फुलते. पानं सहासात एका ठिकाणी गोल, फुलं हिरवट पांढरी, बारीक. संध्याकाळी वास इतका जोरात येतो की काहींचं डोकं दुखतं, मलाही पंधरा मिनिटांच्या वर सोसत नाही. त्रास होत असेल तर सकाळी जा, तेव्हा सौम्य असतो.

बुचाची फुलं याच वेळी, लांब नळीची पांढरी, सकाळी खाली सडा पडलेला असतो. त्यांच्या देठांची दोरा न वापरता वेणी करता येते, सोबत कोणी आजी असेल तर तिला सांगा, दोन मिनिटांत करून देईल.

डिसेंबर-जानेवारीत फुलं थोडी कमी पण चालायला उत्तम. गोरखचिंचेची पानं गेलेली असतात, त्यामुळे बुंधा आणि फांद्यांची ठेवण आता नीट दिसते, लोंबणारी मखमली फळंही. पुत्रंजीव याच शांत दिवसांत शोधा, त्याच्या बियांचे मणी करून लहान मुलांच्या गळ्यात घालायची जुनी पद्धत आहे. जानेवारी संपता संपता उर्वशीकडे चकरा सुरू करा, कळ्या धरल्या असतील.

९. झाडांव्यतिरिक्त

बागेच्या आवारालगतच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ साली उघडलेलं, मुंबईतलं सगळ्यात जुनं. तेही बुधवारी बंद असतं, आणि दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद राहिलंय, म्हणून आधी चौकशी करा. त्याच्या बाजूलाच घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. तो इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तुटला होता, नंतर तुकडे जोडून उभा केला. आणि फोर्टातल्या काळा घोडा भागाला ज्याच्यामुळे नाव मिळालं तो एडवर्ड राजाचा मूळ पुतळा १९६५ पासून इथे राणीबागेत आहे. पाय दुखायला लागले की हे तीन बघा.

१०. नोंद कशी ठेवायची

प्रत्येक फेरीत पाचही झाडांचा त्याच जागेवरून, त्याच अंतरावरून एकेक फोटो. मोबाइलमध्ये झाडाच्या नावाचं फोल्डर. वहीत फक्त तीन गोष्टी लिहा, पानं आहेत का, फूल-कळी-फळ काय आहे, खाली काय पडलंय. तिसरी गोष्ट लोक विसरतात आणि तीच जास्त कामाची, कारण उंच झाडावर काय चाललंय ते खाली पडलेल्या कचऱ्यावरूनच कळतं.

ॲपने झाड ओळखत असाल तर नुसत्या पानाचा फोटो देऊ नका, खोड, पान आणि फूल किंवा फळ असे तिन्ही द्या. तरीही ॲप कधी कधी ठोकून देतं, तेव्हा बागेतल्या माळीकाकांना विचारा. ते कामात असतात, पण एखादं झाड "कधी फुलतं हो?" असं नीट विचारलं की सांगतात, आणि त्यांच्याकडचं उत्तर इंटरनेटपेक्षा बरोबर निघतं, कारण ते त्या एकाच झाडाबद्दल असतं.

एखादी फांदी तुटून लोंबतेय, किंवा बुंध्याभोवती काँक्रीट अगदी खोडाला चिकटवून टाकलंय असं दिसलं तर फोटो काढून गेटवरच्या ऑफिसात दाखवा. बागेबाहेर रस्त्यावरचं झाड असेल तर पालिकेच्या १९१६ नंबरवर फोन करा, वॉर्ड विचारतील, भायखळ्यासाठी तो ई वॉर्ड.